जोडी म्हणून विकण्यापूर्वी : शोभेच्या माशांत नर-मादी कशी ओळखावी?

काही वर्षांपूर्वी यंत्रमागावर काम करणारा एक तरुण आमच्या दुकानातून एंजल माशांची जोडी घेऊन गेला. मागाचे काम कधी चाले, कधी बंद पडे. घराच्या माळ्यावर जागा होती, पाण्याची सोय होती आणि माशांची आवडही होती. तेव्हा एंजलची पिल्ले तयार करून दुकानदारांना पुरवावीत आणि घरखर्चाला हातभार लावावा, असा त्याचा विचार होता. आम्हीही त्याला उत्तेजन दिले. आमच्या मोठ्या टाकीत दोन एंजल एक कोपरा धरून बसले होते. इतर माशांना ते जवळ फिरकू देत नव्हते आणि पाण्यातील एका रुंद पानावरचे शेवाळ तोंडाने साफ करीत होते. एवढी लक्षणे पाहून आम्ही ते दोन मासे "पक्की जोडी" म्हणून त्याला दिले आणि सुट्या दोन माशांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे घेतले.

पंधरा दिवसांनी तो आनंदाने सांगत आला, "चाचा, अंडी घातली!" दोन दिवसांनी पुन्हा आला तो उतरलेला चेहरा घेऊन. सगळी अंडी पांढरी पडली होती. पहिल्या खेपेला असे होतेच, असे सांगून आम्ही त्याची समजूत काढली. दुसऱ्या खेपेलाही तेच झाले, तेव्हा बुरशी न लागण्याचे निळे औषध दिले. तिसऱ्या खेपेला पाणी बदलायला सांगितले. चौथ्या खेपेला मात्र आम्ही स्वतः त्याच्या घरी गेलो. पाहतो तो काय, पान अंड्यांनी इतके भरले होते की मूळ हिरवा रंग दिसेना. दोन्ही मासे आळीपाळीने पानावरून फिरत होते आणि दोघांच्याही पोटाखाली सारखीच जाड, बोथट नळी उतरली होती. दोन्ही माद्या होत्या. नवी टाकी, हीटर, खाद्य आणि तीन महिन्यांची मेहनत हे सारे आमच्या एका चुकीच्या शब्दापायी वाया गेले होते.

शोभेच्या माशांच्या धंद्यात आपले बांधव थोडे नाहीत. कोणी काच कापून टाक्या चिकटवतो, कोणी लोखंडी स्टँड तयार करतो, कोणी पहाटे उठून घाऊक बाजारातून ऑक्सिजन भरलेली पाकिटे आणतो, तर कोणी घरच्या घरी पिल्ले काढतो. यांपैकी शेवटच्या दोघांना नर-मादीची पारख नसली तर नुकसान ठरलेलेच. कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोळत्तूर भागातून येणाऱ्या मालात नर-मादी निवडून कोणी देत नाही, शेकड्याने मासे भरतात. निवड आपल्यालाच करावी लागते. म्हणून हा पाठ आम्ही थोडा विस्ताराने देत आहोत.

प्रथम हत्याराविषयी. मासा जाळीत उचलून, हवेत धरून नर-मादी पाहण्याची सवय सोडावी. मासा तडफडतो, खवले निघतात आणि दिसत काहीच नाही. टाक्या बनवताना काचेचे जे तुकडे उरतात, त्यांतून एक अरुंद पेटी चिकटवून घ्यावी. लांबी वीतभर, उंची तेवढीच आणि रुंदी फक्त दीड-दोन इंच. या पेटीत मासा वळू शकतो, पण दूर पळू शकत नाही. मागे पांढरा कागद लावावा, बाजूने दिवा धरावा आणि घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर डोळ्याला लावतात तसले भिंग हाती घ्यावे. आमच्या पेटीला एक पैसाही खर्च आला नाही आणि भिंग शेजारच्या घड्याळवाल्याने जुने म्हणून दिले.

आता माशांकडे वळू. पिल्ले घालणाऱ्या माशांपासून सुरुवात करणे सोपे. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि सोर्डटेल हे चारही मासे अंडी बाहेर घालीत नाहीत. अंडी मादीच्या पोटातच वाढतात आणि तयार पिल्ले बाहेर पडतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी नगरपालिकेचे कर्मचारी विहिरीत व हौदात जे गप्पी मासे सोडतात, त्यांचेच रंगीत आणि लांब शेपटीचे भाऊबंद आपण दुकानात विकतो. गप्पीच्या नराचा रंग आणि शेपटी पाहून लहान मूलही त्याला ओळखते. पण नुसत्या रंगावर जाऊ नये. खात्रीची खूण पोटाखाली आहे. माशाच्या पोटाखाली, गुदद्वाराच्या लगेच मागे एक पर असतो. त्याला या लेखात आपण मागचा पर म्हणू. मादीचा मागचा पर पंख्यासारखा, त्रिकोणी आणि उघडा असतो. नराचा हाच पर वयात येताना निमुळता होत जाऊन काडीसारखा बनतो आणि बहुधा शरीराला चिकटून मागे वळलेला दिसतो. हेच नराचे बीज मादीच्या शरीरात पोचवण्याचे साधन. चारही जातींना ही खूण लागू पडते.

ही खूण किती उपयोगी आहे, ते बलून मॉलीवरून कळते. बलून मॉलीचा पाठीचा कणा आखूड, त्यामुळे नर असो वा मादी, पोट फुगलेलेच. गिऱ्हाईक म्हणतो, "दोन गाभण माद्या द्या." दुकानदारही पोट पाहून दोन मासे काढून देतो आणि त्यांतला एक नर निघतो. पोट पाहू नका, मागचा पर पाहा. काळी मॉली घेताना तर रंगाचा काहीच उपयोग नाही, दोघेही कोळशासारखे.

मादीची दुसरी खूण म्हणजे पोटाच्या मागच्या टोकाला, मागच्या पराच्या जरा वर दिसणारा काळसर डाग. पिल्ले वाढू लागली की हा डाग मोठा व गडद होतो. गप्पीच्या मादीत तो फार लहान वयातही भिंगाखाली दिसतो. अगदी फिकट किंवा सोनेरी जातीत तो नीट दिसत नाही आणि काळ्या मॉलीत तर शोधूच नये.

पिल्ले काढणाऱ्या बांधवांनी येथे विशेष लक्ष द्यावे. गप्पीची मादी एकदा नराच्या संगतीत आली की त्याचे बीज शरीरात साठवून ठेवते आणि त्यावर पुढे कित्येक महिने, साधारण दर चार आठवड्यांनी, पिल्ले देत राहते. म्हणजे आपण बाजारातून सुंदर लाल नर आणि मोठी मादी आणून एकत्र ठेवली, तरी पहिल्या काही खेपांची पिल्ले त्या लाल नराची नसून दुकानाच्या टाकीतील कोणत्या तरी अनोळखी नराची असू शकतात. पुष्कळ नवशिके यामुळे निराश होतात आणि "जात बिघडली" म्हणून नर बदलतात. जात बिघडलेली नसते, मादी आधीच भरलेली असते. यावर उपाय एकच. पिल्ले तीन ते चार आठवड्यांची झाली की भिंगाखाली घालून ज्यांचा मागचा पर टोकदार होऊ लागला ती वेगळी आणि ज्यांना डाग दिसतो ती वेगळी टाकावीत. आपल्याकडच्या उकाड्यात पिल्ले लवकर वयात येतात, म्हणून आळस करू नये. एक जरी नर माद्यांच्या टाकीत राहिला तरी सर्व मेहनत पाण्यात.

नराच्या निवडीविषयी एक जुना पण फार कामाचा शोध सांगण्यासारखा आहे. १९२० साली डेन्मार्कमधील योहान्नेस श्मिट या शास्त्रज्ञाने गप्पीच्या एका जातीत नराच्या पाठीवरच्या परावर काळा ठिपका असल्याचे पाहिले. त्याने असे नर वेगवेगळ्या माद्यांना दिले. तेव्हा दिसले की बापाचा ठिपका मुलग्यांमध्ये उतरतो, मुलींमध्ये नाही, आणि मुलींच्या पोटच्या मुलग्यांमध्येही नाही. म्हणजे काही खुणा बापाकडून थेट मुलग्याकडे जातात. याचा अर्थ मादी कोणतीही चालेल असा मात्र नाही. शेपटीची ठेवण, अंगाचा पाया-रंग आणि आकार यांत मादीचाही वाटा असतो. तिच्या अंगावर रंग दिसत नाही म्हणून तिची किंमत कमी लेखू नये.

सोर्डटेलविषयी बाजारात एक समज आहे की मादीचा पुढे नर होतो. मादी म्हणून पाळलेल्या माशाला अचानक तलवारीसारखी शेपटी फुटते, त्यावरून हा समज पसरला. बहुतेक वेळा तो मुळात उशिरा वयात येणारा नरच असतो. सोर्डटेलमध्ये काही नर लवकर तयार होतात आणि लहानच राहतात, तर काही आधी मोठे वाढतात आणि मग त्यांना तलवार फुटते. म्हणून कोवळ्या सोर्डटेलची "मादी" विकताना डाग दिसल्याशिवाय मादी म्हणू नये. शिवाय लायरटेल, म्हणजे दोन्ही टोके लांबलेल्या शेपटीचे सोर्डटेल किंवा मॉली घेताना हेही माहीत असावे की त्यांच्या नरांचा मागचा परही शेपटीप्रमाणेच नको तितका लांबतो आणि मग त्यांना मादीशी संग करता येत नाही. नर आहे, दिसायला देखणाही आहे, पण पिल्ले होत नाहीत. अशी जात वाढवायची तर मादी लायरटेल आणि नर साध्या शेपटीचा घ्यावा. हा मुद्दा न सांगता लायरटेलचा नर व मादी "पिल्लांसाठी" म्हणून विकणे हा नुसता अपुरेपणा नव्हे. मालातील ऐब माहीत असून न सांगण्यासारखेच ते आहे.

आता फायटर. मूळ सियाम, म्हणजे आजच्या थायलंडचा हा मासा. तेथे २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. लांब पर आणि भडक रंग म्हणजे नर, आखूड पर आणि फिका रंग म्हणजे मादी, एवढेच ज्ञान बहुतेक दुकानांत चालते. लांब पराच्या जातीत ते बरेचसे खरेही आहे. पण आता प्लाकाट नावाची आखूड पराची जात सर्वत्र मिळते. तिच्यातील नर मादीसारखाच दिसतो. असा नर मादी समजून दुसऱ्या नराच्या बाटलीत टाकला तर सकाळी एक तरी मेलेला सापडणार.

मादीची खूण म्हणजे पोटाखाली, पुढच्या दोन लांब परांच्या मागे दिसणारा मिठाच्या खड्याएवढा पांढरा ठिपका. अंडी येतात ती तेथून. क्वचित कोवळ्या नरातही असा ठिपका दिसतो, म्हणून दुसरी खूण जोडून पाहावी. बाटलीजवळ आरसा धरा. मासा चिडून कल्ले फुलवतो, तेव्हा कल्ल्याखालून दाढीसारखा पडदा बाहेर येतो. नराची ही दाढी मोठी आणि स्पष्ट, मादीची नावापुरती. चिडण्यावर मात्र जाऊ नये, कारण मादीही चिडते. पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधणे हे नराचे काम, पण एखादी मादीही चार बुडबुडे सोडते.

जोडी लावणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. मादी तयार झाली की तिच्या अंगावर उभे पट्टे येतात. भ्यालेल्या मादीवर आडवे पट्टे दिसतात. उभे पट्टे येईपर्यंत दोघांत काच ठेवावी. फिकट जातीत पट्टे दिसत नाहीत, तेथे पोटाची गोलाई आणि पांढरा ठिपका यांवरच भागवावे लागते. घाई करून नराजवळ सोडलेली मादी फाटलेल्या परांनी बाहेर काढावी लागते किंवा मेलेली.

गौरामीत निळी व सोनेरी गौरामी ओळखणे सोपे. पाठीवरचा पर मागे टोकदार आणि लांब असेल तो नर, आखूड व गोल असेल ती मादी. ड्वार्फ गौरामीत निळे-लाल पट्टे नराला, मादी रुपेरी आणि साधी. घाऊक मालात ड्वार्फ गौरामीचे बहुधा नरच येतात, कारण गिऱ्हाईक रंग मागते. त्यामुळे "दोन द्या, जोडी आहे" असे म्हणून दोन रंगीत मासे देणारा दुकानदार प्रत्यक्षात दोन नर देत असतो आणि ते आठवडाभरात एकमेकांना कोपऱ्यात दाबतात.

राहिली किसिंग गौरामी. दोन मासे तोंडाला तोंड लावून उभे राहतात, गिऱ्हाईक हसते आणि दुकानदार "नवरा-बायको" म्हणून दोन्ही खपवतो. वास्तविक ती ताकद आजमावण्याची रीत आहे. दोन नरही ती करतात. या जातीत बाहेरून नर-मादी ओळखता येत नाही. फार तर अंड्यांनी भरलेली मादी जाड दिसते. तेव्हा हा मासा नगाने विकावा, जोडीने नाही.

अंडी विखुरणाऱ्या लहान माशांचे फार लांबवीत नाही. झेब्रा मासा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. त्याचा नर सडपातळ, अंगावर सोनेरी झाक, मादी रुपेरी आणि पोटाने गोल. रोझी बार्बही मूळ आपल्याच देशातील. ऋतूत आलेला नर गुलाबी-लाल होतो, मादी फिकी राहते. टायगर बार्बच्या नराचे नाक लाल. निऑन टेट्राच्या मादीचे पोट भरल्याने निळी रेघ मध्ये वाकलेली दिसते, नराची सरळ. तळाशी फिरणाऱ्या कोरीला वरून पाहावे, रुंद ती मादी. टाकीची काच साफ करणाऱ्या सकरपैकी डोक्यावर काटेरी मिशा फुटणाऱ्या जातीत मिशा डोक्यावर पसरलेल्या तो नर. साध्या मोठ्या सकरमध्ये घरच्या टाकीत हा प्रश्नच सोडून द्यावा.

या लहान माशांत पोटाच्या गोलाईवरून ठरवताना आम्ही दोनदा फसलो आहोत. एकदा नुकतेच खाद्य घातलेले मासे निवडले आणि सगळ्याच माद्या दिसल्या. तेव्हापासून निवडीच्या आधी एक दिवस मासे उपाशी ठेवतो. दुसऱ्या वेळी पोट फुगलेला मासा गाभोळीने भरलेला समजून वेगळा काढला. तो आजारी होता. पोटात पाणी भरण्याच्या आजारात खवले उभे राहतात. वरून पाहिले की मासा काटेरी दिसतो. गाभोळी भरलेल्या मादीचे खवले अंगाला चिकटलेले असतात.

गोल्डफिशमध्ये वर्षभराच्या आत नर-मादी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. वयात आलेल्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर ऋतूत बारीक पांढरे दाणे येतात. हात लावला तर खरखरीत लागतात. आता गंमत पाहा, गिऱ्हाईक हे दाणे पाहून "पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला" म्हणून धावत येते आणि काही दुकानदार औषधही विकतात. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवर, कोठेही विखुरलेले असतात आणि मासा अंग घासतो. नराचे दाणे ठरावीक जागीच येतात आणि मासा टवटवीत असतो. औषधाची बाटली खपवण्याऐवजी "तुमचा मासा नर आहे, तब्येत उत्तम आहे" असे सांगितले तर ते गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडेच येते, हा आमचा अनुभव. त्याचप्रमाणे ऋतूत नर मादीच्या पोटाला ढुशा देत मागे लागतो, तेही भांडण नव्हे. मात्र मादी एकटी असून नर तीन-चार असतील तर ती थकून मरते, तेव्हा तिला वेगळी काढावी.

आता पुन्हा एंजलकडे येऊ, कारण सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त फसगत येथेच. लहान एंजलमध्ये नर-मादी ओळखता येत नाही. कपाळाचा उंचवटा, पोटाचा कोन, पराची लांबी यांवरून पैजा मारणारे पुष्कळ भेटतात. आम्हीही त्यांतलेच होतो. मोठ्या नराचे कपाळ जरा फुगीर असते हे खरे, पण खाऊन पोसलेल्या मादीचेही असते. खात्री होते ती अंडी घालण्याच्या सुमारास, दोन्ही माशांच्या पोटाखाली नळी उतरते तेव्हा. नराची नळी बारीक व टोकदार, मादीची जाड व बोथट. ही नळी एक-दोन दिवसच दिसते. डिस्कसलाही हाच नियम.

नर नसला तर दोन माद्या जोडीप्रमाणे राहतात, जागा राखतात, पान साफ करतात, अंडी घालतात, त्यांना परांनी वाराही घालतात. म्हणून जागा राखणे हा नर-मादीचा पुरावा नव्हे. आम्ही चुकलो ते येथेच. अंडी नेहमीपेक्षा दुप्पट दिसली आणि ती सगळीच एक-दीड दिवसात पांढरी झाली, तर पहिला संशय दोन माद्यांचा घ्यावा. काही पांढरी आणि काही पारदर्शक राहिली तर नर आहे, पण पाणी किंवा नराचे वय तपासावे. दोन ते तीन दिवसांत अंड्यांतून शेपट्या हलू लागल्या की मगच जोडी पक्की.

पिल्ले काढू इच्छिणाऱ्याला आम्ही आता सहा कोवळे एंजल एकत्र वाढवायला सांगतो. आठ-दहा महिन्यांत त्यांतून जोडी आपोआप लागते. उरलेले परत घेतो किंवा बदलून देतो. यात वेळ जातो, पण जोडीच्या नावाने दिलेल्या पैशांपेक्षा ते स्वस्त पडते.

याच कुळातील कन्व्हिक्ट माशात सगळा हिशेब उलटा. पोटावर नारिंगी रंग मादीला, नर नुसता राखाडी-काळा. रंगीत तो नर ही सवय लागलेला माणूस येथे हमखास चुकतो. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातील माशांत नराच्या मागच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात, पण कित्येक जातींत मादीलाही दोन-चार असतात, म्हणून तेवढ्यावर पैज लावू नये. मोठ्या माशात पोटाखालची दोन छिद्रे पाहणे जास्त भरवशाचे. पुढचे गुदद्वार आणि मागचे प्रजननाचे छिद्र साधारण सारखेच किंवा मागचे लहान, तो नर. मागचे छिद्र गुदद्वारापेक्षा स्पष्टपणे मोठे आणि रुंद, ती मादी. यासाठी मासा ओल्या हाताने, ओल्या फडक्यात उलटा धरून काही सेकंदांत पाहून सोडावा. आधी चार माशांवर हात बसवावा आणि मगच गिऱ्हाइकासमोर करावे.

फ्लॉवरहॉर्नमध्ये कपाळाचा गोळा मोठा तेवढी किंमत मोठी आणि गोळा नराचा मोठा, म्हणून बोटाएवढी पिल्लेही "खात्रीचा नर" म्हणून विकली जातात. त्या वयात ती खात्री कोणीच देऊ शकत नाही. शिवाय या संकरित माशाचे पुष्कळ नर वांझ निघतात. पिल्ले काढण्यासाठी घेणाऱ्याला हे आधीच सांगावे.

परदेशी मालात आणखी एक प्रकार आढळतो. माशांना खाद्यातून नराचे संप्रेरक देतात. त्यामुळे माद्यांनाही नरासारखा रंग चढतो. पाकिटातील लहानमोठे सगळेच मासे एकसारखे पूर्ण रंगीत असतील, त्यात एकही साधी मादी नसेल, तर संशय घ्यावा. काही आठवड्यांत रंग उतरतो आणि अशा माद्या पिल्ले देण्यास बहुधा निकामी ठरतात. असा माल शोभेसाठीही घेताना आम्ही दहा वेळा विचार करतो.

जाता जाता समुद्रातील एका माशाची नोंद केली पाहिजे, कारण त्याची मागणी वाढली आहे. २००३ सालच्या एका कार्टून चित्रपटामुळे जगभर पोरांच्या तोंडी झालेला नारिंगी-पांढरा क्लाउनफिश. या जातीत प्रत्येक पिल्लू आधी नराच्याच मार्गाने वाढते. गटातील सर्वांत मोठा मासा मादी बनतो, त्याच्या खालचा नर राहतो. मादी मेली तर नर स्वतः मादी होतो आणि खालचा एक वर चढतो. त्यामुळे एक मोठा आणि एक लहान असे दोन कोवळे क्लाउनफिश कोणतेही घ्या, काही महिन्यांत त्यांची जोडी होते. मात्र दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र टाकू नयेत. त्या परत नर होत नाहीत आणि एकमेकींना मारतात.

आमच्या दुकानाच्या बिलावर आता तीन वेगळे शब्द असतात. ज्यांची जिवंत पिल्ले आम्ही डोळ्यांनी पाहिली, त्यांच्यापुढे "जोडी". अंगावरच्या खुणेवरून खात्री झालेल्यांपुढे "नर-मादी". आणि बाकी सर्वांपुढे "नग". तिन्हींचे भाव वेगळे. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुर करते की समोरचा दुकानदार सरळ जोडी म्हणून देतो, तुम्ही का नाही? आम्ही पेटी आणि भिंग पुढे ठेवतो आणि तुम्हीच पाहा म्हणतो.

त्या यंत्रमाग कामगाराचे जोडीचे पैसे आम्ही परत केले. एक मादी परत घेतली आणि ज्याची बारीक नळी आम्ही स्वतः पाहिली होती तो नर त्याच्या टाकीत काचेच्या पलीकडे सोडला. सुरुवातीला मादी त्याच्यावर धावून जाई. तीन आठवड्यांनी काच काढली. पहिली अंडी दोघांनी मिळून खाल्ली, दुसऱ्या खेपेला तिसऱ्या दिवशी पानावर शेपट्या हलल्या. त्या पिल्लांपैकी बरीचशी वाढून आमच्याच दुकानात आली आणि आम्ही ती नग म्हणून विकली.